भिंगरीचा थांबा

२ जून

ताई,

पोचले एकदाची. फोन केला होता, पण तुम्ही तिकडून "कोण? कोण?" करत होतात आणि मी इकडून "अहो मी! मी!" करत होते. वसतिगृहातल्या सगळ्या मुली तमाशा बघायला गोळा झाल्या. इतकी वर्षं शिलाई मशीनच्या खडखडाटात बसून तुमच्या कानांची वाट लागलीय, हे कबूल करा आणि पत्राला पत्राने उत्तर द्या. माझ्या भिंगरीशी फोनवर बोलण्यात अर्थ नाही. ती "सगळं छान आहे" म्हणते आणि ठेवून देते.

आमची कार्यशाळा म्हणजे एक लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना बाकं आणि बाकांवर दातच दात. प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर घास उतरेना. आता त्यांच्याच शेजारी डबा उघडून जेवते. वर्षभरात कवळ्या बनवायला शिकले की कुठल्याही दातांच्या दवाखान्यात काम मिळेल, असं मुख्य बाई म्हणतात. बाकीच्या मुली विशीतल्या आहेत, मला काकू म्हणतात. म्हणू देत बापड्या.

आता मुद्द्याचं. तुम्ही माझ्या लेकीला घरात घेतलंत, त्याचे उपकार फेडायला हा जन्म पुरणार नाही, ते सोडा. पण शाळा सुटल्यापासून तुमचं दुकान बंद होईपर्यंत ती घरात एकटीच असणार. तुम्हाला एक गोष्ट सांगितली नव्हती. मागे एकदा मी कामावरून लवकर घरी आले तर दार उघडेना. आतून खुर्ची लावलेली. रेडिओ मोठ्याने चालू, भरदिवसा सगळे दिवे चालू, आणि पोरगी पलंगाच्या कोपऱ्यात दप्तर पोटाशी धरून बसलेली. बारा वर्षांची घोडी! "भीती वाटते का गं?" विचारलं तर म्हणे "छे!" तेव्हापासून माझ्या पोटात गोळा आहे. तुमच्या भावाला सांगितलं तर म्हणाले, "काळजी करू नकोस, मी आहे ना." "मी आहे" म्हणणारा माणूस वर्षातले दहा महिने बोटीवर!

तुमच्या भागात जुन्या तिकीटघरात शाळेनंतर मुलांचा वर्ग भरतो असं ऐकलंय. तिला तिथे घाला. आणि खरं खरं कळवा. मला बरं वाटावं म्हणून गोड गोड लिहू नका. हे जमलं नाही तर मी शिक्षण सोडून परत येणार. पोरीला खुर्चीआड बसवून मला जगाचे दात बनवायचे नाहीत.

तुमची,
भावजय


११ जून

भावजयबाई,

कान माझे ठणठणीत आहेत. फोन भिकार आहे.

तुझी उंटावरून शेळ्या हाकायची सवय अजून जात नाही, पण शेळी तुझीच आहे म्हणून गेले बाई त्या तिकीटघरात. बसचा डेपो तिथून हलल्याला किती वर्षं झाली, पण खिडक्यांच्या जाळ्या तशाच आहेत. जाळीच्या आत मोठी मुलं, बाहेर लहान, आणि मोठी लहानांचा अभ्यास घेतायत. "पुढचा! चला, गणित दाखवा!" एका कोपऱ्यात सुतारकाका पोरांकडून स्टुलाचे पाय ठोकून घेत होते. दुसऱ्या कोपऱ्यात डब्यांवर ढोल बडवणं चालू होतं. त्या आवाजात मी खरंच बहिरी असते तर बरं झालं असतं.

हे सगळं चालवणारी बाई म्हणजे रिटायर झालेली बस कंडक्टर. अंगावरचा गणवेश उतरलाय, पण जिभेवरचा नाही. मला बघितल्या बघितल्या म्हणाली, "दारात उभं राहू नका, आत सरका, मध्ये जागा आहे!" मी सरकले गं मुकाट्याने. जन्मात पहिल्यांदा.

तिची पद्धत ऐक. संध्याकाळी पोरांना एकटं सोडत नाही. एक जाड दोर आहे, त्याला गाठी मारलेल्या. एकेका पोराने एकेक गाठ धरायची आणि वरात निघायची. ज्याचं घर जवळ त्याचा थांबा आधी, ज्याचं लांब त्याचा शेवटी. पुढे कंडक्टरबाई, आणि सगळ्यात शेवटच्या थांब्याचं पोर दोराच्या टोकाला, हातात खरी बसमधली घंटा. एक वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं. मी म्हटलं, हा वर्ग आहे का सर्कस?

तिने मला विचारलं, "तुमचा थांबा कुठला?" मी म्हटलं, "पोरगी सांगेल. माझं गिऱ्हाईक खोळंबलंय." आणि आले निघून. दुकानात एका लग्नाळू मुलाची पँट होती आणि त्याची आई डोक्यावर बसली होती.

तुझी लेक मात्र पहिल्या दिवशी दाराच्या मागे उभी राहिली ती हललीच नाही. घरी येऊन काही बोलली नाही. मला काही आशा वाटत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. पण तू खरं लिहा म्हणालीस, म्हणून लिहिलं.

नीट जेव. त्या जबड्यांच्या शेजारी बसून जेवू नकोस, किळसवाणं आहे.

तुझी ताई


२१ जून

ताई,

तुमचं पत्र आणि भिंगरीचं पत्र एकाच दिवशी आलं. तुमचं वाचून रडू आलं, तिचं वाचून हसू. तिने तीनच ओळी लिहिल्यात. "आई, मी आता घंटेवाली आहे. दोराच्या शेवटी असते. लहान मुलं माझं ऐकतात."

पहिलं वाक्य वाचूनच माझं सगळं काम खोळंबलं. माझी मुलगी, जी दुकानात जाऊन "एक पेन्सिल द्या" एवढं म्हणायला माझा पदर ओढायची, तिचं कुणीतरी ऐकतंय! मी ते पत्र बाकावर, जबड्यांच्या मधोमध टेकवून ठेवलंय. शेजारची मुलगी म्हणाली, "काकू, आज तुमच्या कवळ्यांनासुद्धा हसू फुटलंय."

तुम्ही म्हणता सर्कस, तर सर्कस. चालू द्या. पण ताई, ती घरी आल्यावर काय करते? खुर्ची लावते का अजून? तेवढं बघा. माझा जीव त्या खुर्चीत अडकलाय.

तुमची,
भावजय


९ जुलै

भावजयबाई,

खुर्ची जागेवर आहे. मी मुद्दाम दोनदा दुपारी दुकान सोडून घरी जाऊन बघितलं. खुर्ची टेबलाखाली, रेडिओ बंद.

आणि ऐक, पोरीला कंठ फुटलाय. परवा माझ्या दुकानात चार बायका एकदम घुसल्या, तर ही मागून म्हणते कशी, "एकेक जण पुढे या, घाई करू नका, सगळ्यांना जागा आहे." बायका ओळीत उभ्या! इतकी वर्षं मला ते जमलं नव्हतं. अपूर्णांकही शिकली म्हणे. सुतारकाका लाकडावर शिकवतात, हिने घरी येऊन माझ्या सव्वादोन मीटरच्या तुकड्यात किती खिसे निघतील ते सांगितलं. बरोबर निघाले. मी तोंडावर काही बोलले नाही, डोक्यावर बसेल.

पण एक गोष्ट मला पटत नाही. वर्ग फार उशिरा सोडतात. मी दुकान बंद करून घरी पोचते, भाजी चिरून होते, तरी बाईसाहेबांचा पत्ता नाही. मग येतात धापा टाकत, गालाला पावाचे कण. विचारलं की उत्तर एकच, "वर्ग उशिरा सुटला, आत्या." शेवटी मी त्या कंडक्टरबाईला गाठलं. म्हटलं, "अहो, पोरांना वेळेत सोडत चला." तर ती माझ्यावरच उखडली. "बाई, उजेड असेपर्यंत माझा शेवटचा थांबासुद्धा उरकलेला असतो!" म्हणजे मी खोटी? मी भर रस्त्यात तिला काय ऐकवायचं ते ऐकवलं. तिने मला ऐकवलं. शेवटी दोघींचे घसे बसले.

बाई कामाची आहे, पण खोटारडी आहे. या महिन्यात सुधारली नाही तर पोरीला काढून घेते.

तुझी ताई


१५ जुलै

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि हातातला साचा खाली पडला. फुटला. तुकडे मुख्य बाईंनीच गोळा केले.

ताई, कंडक्टरबाई खरं बोलत असली तर? उजेडातच तिने सोडली, आणि तुमची भाजी चिरून होईपर्यंत ती घरी नाही, तर मधला वेळ माझी मुलगी असते कुठे? आणि पाव कोण देतं तिला? तिच्याकडे पैसे नसतात. कुणी अनोळखी माणूस लहान मुलीला रोज पाव का देईल? तुम्ही भांडलात, पण हे विचारलं नाहीत. रागावू नका, पण मला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी मुख्य बाईंना सांगितलंय की मी जाणार. त्या म्हणाल्या, आठवडाभर विचार करा, जागा परत मिळणार नाही. विचार कसला करायचा? हौस म्हणून आले आणि पोरीला वाऱ्यावर सोडलं, असं वाटतंय.

तिला ओरडू नका. फक्त तिच्यामागून जा एकदा. आणि लगेच कळवा.

भावजय


२२ जुलै

अगं बाई,

आधी हे वाच: पोरगी सुखरूप आहे. आत्ता माझ्यासमोर बसून बटणांची वर्गवारी करतेय. आता श्वास घे आणि पुढचं वाच.

तुझं पत्र काल सकाळी मिळालं. ठरवलं की संध्याकाळी तिच्यामागून जायचं. पण दुपारीच बाजाराच्या रस्त्याखालची पाण्याची मोठी नळवाहिनी फुटली. तिकीटघरात घोटाभर पाणी. शेजारची परटीण माझ्या दुकानात सांगत आली, "वर्ग लवकर सोडला, सगळी पोरं केव्हाच घरी गेली." मी दुकान तसंच टाकलं आणि घरी आले. कुलूप. हाक मारली, शेजारी विचारलं, जिन्याखाली बघितलं. नाही. तिकीटघरात गेले. तिथे पाणी आणि तरंगणारी एक चप्पल. अगं, ती चप्पल तिची नव्हती, पण मी ती उलटीपालटी करून तीनदा बघितली.

तेवढ्यात कंडक्टरबाई दिसली, साडी खोचून पाणी उपसतेय. मी ओरडले, "माझी पोरगी कुठाय?"

ती म्हणाली, "सोडली की घरी. बेकरीवर."

"कुठली बेकरी?"

"अहो, पाण्याच्या टाकीपलीकडची. तुमची."

"माझं घर या गल्लीत आहे! तिसरं दार!"

तिच्या हातातली बादली पडली. तिचं तोंड असं झालं की मी भांडण विसरले. तेव्हा उजेड पडला. मी पहिल्या दिवशी "पोरगी सांगेल" म्हणून निघून आले, आणि पोरीने सांगितलं की तिचा थांबा बेकरी! बेकरीच्या वरच्या खोल्यांत ती आत्याकडे राहते! कंडक्टरबाई तिला रोज बेकरीच्या दारात सोडायची, आतून बेकरीवाली हात हलवायची, आणि ही बाई निश्चिंत मनाने परत फिरायची. बेकरीवाली तर गल्लीतल्या कुत्र्यालाही हात हलवते.

आम्ही दोघी पळालो. माझं वय बघ आणि तिचं वजन बघ, पण पळालो. बेकरीवाली म्हणाली, "ती घंटेवाली होय? रोज येते. उरलेला पाव देते मी, दोघी वर घेऊन जातात."

दोघी? माझा जीव परत टांगणीला. चढलो जिना. तिसऱ्या मजल्यावर एक दार उघडंच. आत एक छोटीशी खोली, एक पलंग, आणि पलंगावर तुझी लेक मांडी घालून बसलेली. तिच्या मांडीवर डोकं ठेवून एक मुंगीएवढी पोर पाव खातेय. वर्गात तिला मुंगीच म्हणतात. तिची आई लॉंड्रीत इस्त्रीला असते, ती उशिरा येते. दाराच्या बाजूला एक खुर्ची होती.

जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या तिला एक धपाटा घालावासा वाटला. घातला नाही. तिला जवळ घेतली, तर म्हणते, "आत्या, तू रडतेस का? मी तर इथेच होते."

नंतर घरी येऊन सगळं बोलली. म्हणाली, "खरं सांगू? पहिल्यांदा घंटेसाठी खोटं बोलले. आपला थांबा तिसरा. तिसऱ्याला कधीच घंटा मिळत नाही. म्हणून सगळ्यात लांबचं जे माहीत होतं ते सांगितलं." मग दुसऱ्या दिवशी बेकरीपाशी दोरावर दोघीच उरल्या, ही आणि मुंगी. आणि मुंगी जिन्यापाशी रडायला लागली. वर जाऊन एकटीला बसायचं होतं ना. ही तिला सोडायला वर गेली, तर त्या पोरीने आत शिरल्या शिरल्या काय केलं? खुर्ची ओढली आणि दाराला लावायला लागली. तुझी लेक मला म्हणाली, "आत्या, ती अगदी तसंच करत होती गं. मग मी कशी निघू?"

म्हणून रोज मुंगीची आई जिना चढताना दिसेपर्यंत ही तिच्याजवळ बसायची. मग तिथून घरापर्यंत एकटी पळत यायची. आणि मला सांगायची, वर्ग उशिरा सुटला.

खोटं बोलल्याबद्दल मी तिला सोडलेलं नाही, चांगली सुनावलीय. पण तुला सांगते, सुनावताना माझा हात तिच्या डोक्यावरच होता.

आता निर्णय तुझा. मला विचारशील तर पोरीला वर्गातून काढू नये. पण तू आई आहेस.

तुझी ताई


२५ जुलै

ताई,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने, मग बसून, मग पांघरुणात तोंड घालून.

माझी पोर सापडली, देव पावला. पण ताई, त्या रस्त्यावरून ती रोज एकटी पळत येत होती, आणि मी इथे तिचं पत्र जबड्यांना टेकवून हसत बसले होते! तुम्ही होतात म्हणून निभावलं. पुढच्या वेळी नळ फुटणार नाही, दुसरंच काहीतरी होईल. मी अर्ज देऊन टाकलाय. सामान बांधलंय. मोठी ट्रंक, अंथरूण, सगळं. शुक्रवारी दुपारच्या बसने येते, कायमची. भिंगरीला सांगू नका, मला तिचं तोंड बघायचंय.

तुमच्यावर राग नाही. माझ्यावर आहे.

भावजय


२८ जुलै

भावजयबाई,

ये. पण कायमची येऊ नकोस. आता मी सांगते ते ऐकून घे, ट्रंकेवर बसून ऐक.

परवा कंडक्टरबाई माझ्या दुकानात आली. मला वाटलं भांडायला आली. तर म्हणाली, "चूक माझी. नोकरीत एकदाही मी तिकीट बघितल्याशिवाय कुणाला उतरवलं नाही, आणि इथे पोरीच्या शब्दावर उतरवली." मी म्हटलं, "माझीही. मी सांगायचं सोडून पँट शिवत बसले." मग आम्ही चहा प्यायलो. साखर तिला चालत नाही, पण दोन चमचे घेतली.

आणि बसल्या बसल्या वाट सापडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोर बेकरीकडून उलटा फिरवायचा. आधी लांबची घरं, मग जवळची. आणि शेवटचा थांबा माझं दुकान. ज्या पोरांच्या घरी तेव्हा कुणी नसतं, त्यांना घरी उतरवायचंच नाही, त्यांनी दोरासोबत दुकानात यायचं. त्यांच्या आया कामावरून येता येता इथून घेऊन जातील. मुंगीच्या आईला विचारलं. बिचारीने नुसता माझा हात धरला. इस्त्रीने हात भाजलेले आहेत गं तिचे.

कालपासून चालू केलंय. मुंगी आहे, भिंगरी आहे, आणि अजून दोन नग आहेत, त्यांतला एक सारखी कात्री मागतो. माझं दुकान आहे का पांजरपोळ, कळत नाही. पण मशीन चालू असताना मागे पोरं पाढे म्हणतायत हे ऐकायला बरं वाटतं. ऐकायला, म्हटलं! नोंद घे.

म्हणून सांगते, पोरगी एकटी नाही. एक मिनिट नाही. तू आलीस तर तिला आनंदच होईल, पण तुझं शिक्षण बुडवून तिच्या डोक्यावर ते ओझं ठेवू नकोस. मोठी झाली की तिला कळेल, माझ्यापायी आईने सोडलं. मला माझ्या आईने शिलाई पुरी शिकू दिली म्हणून आज कुणापुढे हात पसरत नाही.

पण तू माझं कधी ऐकलंयस? ये. डोळ्यांनी बघ.

तुझी ताई


५ ऑगस्ट

ताई,

परत पोचले. तुम्ही बस सुटेपर्यंत विचारत होतात, "अगं, पण कायमची आली होतीस ना? मग सोमवारी चाललीस कशी?" आणि मी नुसती हसत होते. तिथे सांगितलं असतं तर मला रडू फुटलं असतं, तुम्हालाही, आणि सोबत ती चार पोरं. म्हणून आता लिहिते.

शुक्रवारी बस वेळेआधीच पोचली. हमालाने ट्रंक उतरवली आणि मी बाजाराच्या कोपऱ्यावर उभी राहिले. मनात एकच. मी येतेय बाळा, आता एकटी राहायचं नाही. सगळा रस्ता हेच म्हणत आले होते. शेजारच्या सीटवरची बाई शेवटी दुसरीकडे जाऊन बसली.

आणि समोरून दोर आला. पुढे कंडक्टरबाई, मग गाठी धरून पोरं, आणि शेवटी माझी भिंगरी. एका हातात घंटा, दुसऱ्या हातात एका चिमुरडीचा हात. मनात म्हटलं, ही मुंगीच असणार. ताई, मी तिला ओळखायला क्षणभर वेळ लावला. उंची तीच, फ्रॉक तोच, पण चालणं तिचं नव्हतं. मान वर करून, दोन्ही बाजूंना बघत, "कडेने चला, कडेने" म्हणत चालली होती.

मी हाक मारली. तिने बघितलं. तोंड असं फुललं म्हणून सांगू! सोडलं सगळं आणि धावत येईल म्हणून मी हात पसरले. रस्त्याच्या मधोमध, ट्रंक शेजारी ठेवून, खुळ्यासारखी.

ती आली नाही. तिने आधी एक घंटा वाजवली. दोर थांबला. मग तिथूनच ओरडून म्हणाली, "आई! तू दुकानात जा, आत्याला चहा ठेवायला सांग! मला अजून दोन थांबे सोडायचेत!" कंडक्टरबाईने वळून बघितलं आणि मलाच म्हणाली, "बाई, ट्रंक बाजूला घ्या, वाट अडलीय!"

मी घेतली बाजूला. दोन घंटा वाजल्या आणि दोर माझ्या अंगावरून पुढे गेला. जाताना तिने मुंगीचा हात न सोडता, चालता चालताच माझ्या दंडाला गाल घासला. बस, तेवढंच. आणि गेली.

ताई, खरं सांगू? आधी टोचलं. महिनोन्महिने ज्या पोरीसाठी झोप नव्हती, तिला माझ्यासाठी थांबायला वेळ नाही! मग मी ट्रंकेवर बसले आणि इतकी रडले, इतकी हसले, की हमाल म्हणाला, "बाई, पाणी आणू का?" पोटातला तो गोळा गेला होता. कुठे गेला, कळलंच नाही. पोट मोकळं वाटलं आणि कडाडून भूक लागली. तुमच्याकडे आले आणि सगळा पाव खाल्ला, आठवतंय ना? तुम्ही म्हणालात, "वसतिगृहात उपाशी ठेवतात का?"

जेवताना तिने विचारलं, "आई, किती दिवस आलीस?" तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी ठरवून आले होते, की म्हणायचं "आता कुठेच जाणार नाही." तोंड उघडलं आणि निघालं, "सोमवारपर्यंत." तिने मान हलवली, दोन घास खाल्ले, आणि म्हणाली, "बरं. मग शनिवारी मला दातांचं सगळं सांग. सुतारकाकांना पण ऐकायचंय." म्हणून ते शनिवारचं तिकीटघरातलं माझं भाषण. माझ्यासमोर चाळीस पोरं तोंड उघडून बसली आणि मी एकेकाचे दात मोजले. जन्मात इतकी मजा आली नव्हती.

हो, तुमचा भाऊ. त्यांना सगळं लिहून कळवलंय. उत्तर आलं की कळवेन. येईलच, "मी आहे ना" म्हणून.

आज सकाळी मुख्य बाईंकडे गेले. म्हटलं, माझा अर्ज परत द्या, मी राहते. त्यांनी खणातून अर्ज काढला, पण सोडेनात. म्हणाल्या, "अहो, पण घरचं काय? मुलगी एकटी आहे म्हणून जात होतात ना?"

मी म्हटलं, "बाई, घरी जाऊन आले. माझ्यासाठी तिथे कुणाला वेळच नाहीये." आणि असं काही हसू फुटलं मला, की त्यांनी घाबरून अर्ज माझ्या हातात दिला.

तुमची,
भावजय